लुइस्टन : गिरणी कामगारांचे शहर

अमेरिका म्हटले की न्यूयॉर्कच्या उंच इमारती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. पण अमेरिकेत शांत, लहान शहरेही पुष्कळ आहेत. मेन राज्यातील लुइस्टन हे त्यांपैकीच एक. २०२० साली त्याची लोकसंख्या ३७,१२१ होती. हे कष्टकऱ्यांचे शहर आहे.

लुइस्टन अँड्रोस्कॉगिन नदीच्या काठी वसले आहे. येथे नदीला मोठा धबधबा आहे. एकोणिसाव्या शतकात धबधब्याचे पाणी गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी कालवे खणले गेले. पाण्याच्या जोराने चक्रे फिरत आणि चक्रांच्या जोरावर माग चालत. १८५० साली बेट्स मिल ही कापडगिरणी स्थापन झाली. तिचे पलंगपोस पुढे देशभर प्रसिद्ध झाले.

गिरण्यांना माणसे हवी होती. शेजारच्या कॅनडातील क्विबेक प्रांतात शेतीवर पोट भरत नव्हते. तेथून हजारो लोक लुइस्टनला आले. नदीकाठच्या लाकडी चाळींत ते दाटीवाटीने राहू लागले. या वस्तीला ‘लिटल कॅनडा’, म्हणजे ‘छोटा कॅनडा’, असे नाव पडले. या लोकांची मातृभाषा फ्रेंच होती. १९१९ साली मेन राज्याने सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याचा कायदा केला. तरीही घरात आणि प्रार्थनेत फ्रेंच टिकून राहिली. मजुरांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतून वर्गणी काढून एक भव्य चर्च उभारले. ते आजही दुरून दिसते.

पुढे दिवस पालटले. दक्षिणेकडील राज्यांत मजुरी कमी होती. कापडाचा धंदा तिकडे गेला. लुइस्टनच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तरुण मुले कामासाठी बाहेर पडली आणि मुख्य रस्त्यावरची दुकाने ओस पडली. १९७० साली शहरात ४१,७७९ माणसे होती. २००० साली ३५,६९० उरली.

२००१ पासून येथे सोमालियातील निर्वासित येऊ लागले. यादवी युद्धामुळे त्यांनी देश सोडला होता. आधी ते अमेरिकेतील मोठ्या शहरांत राहिले. पण त्यांना स्वस्त घर आणि मुलांसाठी सुरक्षित शाळा हवी होती. लुइस्टनमध्ये घरे रिकामीच होती.

सुरुवातीला काही रहिवाशांना हे रुचले नाही. शहराचा खर्च वाढेल, अशी त्यांना भीती वाटली. २००२ साली महापौरांनी सोमाली वडीलधाऱ्यांना जाहीर पत्र लिहिले. ‘आणखी लोकांना सध्या येथे येऊ देऊ नका,’ असा त्याचा आशय होता. सोमाली लोक दुखावले. परंतु जानेवारी २००३ मध्ये हजारो नागरिक कडाक्याच्या थंडीत एकत्र जमले आणि त्यांनी नव्या शेजाऱ्यांना पाठिंबा दिला.

आज लुइस्टनचे जीवन साधे आहे. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ पडतो. सकाळी यंत्रे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारतात. मुले पिवळ्या बसने शाळेत जातात. मोठी माणसे रुग्णालयांत, गोदामांत, दुकानांत कामाला जातात. जुन्या बेट्स मिलमध्ये आता कचेऱ्या, उपाहारगृहे आणि राहण्याची घरे आहेत. लिस्बन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर सोमाली दुकाने आहेत. तेथे हलाल मांस मिळते आणि ‘सांबूसा’ही मिळतो. हा सांबूसा म्हणजे आपल्या समोशाचा भाऊच!

२०१५ साली शहराच्या माध्यमिक शाळेच्या फुटबॉल संघाने राज्याचे विजेतेपद पटकावले. त्या संघात निर्वासित कुटुंबांतील अनेक मुले होती. २०१९ साली साफिया खालिद ही २३ वर्षांची सोमाली तरुणी नगरपरिषदेवर निवडून आली. ती लहानपणी निर्वासित म्हणून अमेरिकेत आली होती.

क्विबेकहून आलेले मजूर एके काळी परके होते. त्यांची नातवंडे लुइस्टनला आपले गाव म्हणतात. आता सोमाली मुलेही तसेच म्हणू लागली आहेत. गिरण्या बंद पडल्या, तरी हे शहर उभे आहे, कारण कामाला आलेली माणसे येथेच राहिली आणि येथलीच झाली.