डीजेंसाठी व्हिडिओ मिश्रण आज्ञावली

व्हिडिओ मिश्रण आज्ञावली म्हणजे दोन किंवा अधिक चित्रफिती संगणकावर एकाच वेळी चालवून, त्या एकमेकींत मिसळून, गाण्याच्या तालावर पडद्यावर दाखविणारी संगणक आज्ञावली होय. डीजे गाण्याचा वेग बदलतो, गाणे थांबवितो, उलटे फिरवितो. त्या प्रत्येक हालचालीबरोबर चित्रानेही तसेच वागावे, ही या आज्ञावलीकडून असलेली अपेक्षा. व्हर्च्युअल डीजे, सेराटो व्हिडिओ आणि रेझोल्यूम ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. महाराष्ट्रात लग्नाच्या वराती, गणेश विसर्जन आणि जयंतीच्या मिरवणुकांमध्ये एलईडी पडद्यांचा वापर वाढला, तसा या आज्ञावलींचाही प्रसार झाला.

पार्श्वभूमी

संगणकाआधी हे काम यंत्रांवर होत असे. पायोनियर या जपानी कंपनीने २००४ साली डीव्हीजे-एक्स१ हे यंत्र बाजारात आणले. त्यावर डीव्हीडीमधील चित्र आवाजासह मागे-पुढे फिरविता येई. पुढे लॅपटॉपची शक्ती वाढली आणि यंत्राची जागा आज्ञावलीने घेतली. न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने आपल्या ध्वनी आज्ञावलीला चित्राची जोड दिली. नेदरलँड्समधील रेझोल्यूम ही मात्र मुळातच चित्रासाठी घडविलेली आहे.

संगणकावरील ताण

फुल एचडी चित्राची एक चौकट, म्हणजेच फ्रेम, १९२० गुणिले १०८० इतक्या बिंदूंची असते. हे बिंदू सुमारे २० लाख ७३ हजार भरतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरल्यास एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी दाखवायच्या म्हटल्या, तर एका चित्रफितीसाठी दर सेकंदाला साधारण १५५ मेगाबाइट माहिती हलवावी लागते. दोन चित्रे मिसळताना हा आकडा दुप्पट होतो आणि प्रत्येक चौकटीसाठी हाताशी केवळ ४० मिलिसेकंद असतात.

एवढी माहिती साठविणे परवडत नाही, म्हणून चित्रफिती संकुचित केलेल्या असतात. एच.२६४ ही २००३ साली प्रमाणित झालेली संकोचन पद्धत सर्वाधिक रूढ आहे. तीत प्रत्येक चौकट पूर्ण लिहिलेली नसते. अधूनमधून एक संपूर्ण चौकट येते आणि तिच्या आगेमागे केवळ काय बदलले याची नोंद असते. सरळ पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही; डीजेला मात्र लागतो. त्याने गाणे उलटे फिरविले, की आज्ञावलीला मागच्या संपूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तेथून पुन्हा पुढे हिशेब करीत यावे लागते. एखाद्या हप्तेवारी कादंबरीचे सातवे प्रकरण समजण्यासाठी दर वेळी पहिल्यापासून वाचावे लागावे, तसा हा प्रकार आहे. चित्र अडखळते ते येथेच. पुष्कळदा त्याचा दोष लॅपटॉपच्या वयाला दिला जातो. खरी अडचण फाईलच्या बांधणीत असते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवणाऱ्या पद्धती निघाल्या. २०१३ साली आलेली हॅप आणि रेझोल्यूमची डीएक्सव्ही या त्यांपैकी होत. या पद्धतींत चौकट उलगडण्याचे काम मुख्य प्रक्रियकाऐवजी ग्राफिक्स कार्डाकडे जाते. हॅपच्या मूळ प्रकारात एका बिंदूला अर्धा बाइट लागतो. म्हणजे फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला सुमारे २६ मेगाबाइट. तीन मिनिटांचे गाणे साडेचार गिगाबाइटच्या पुढे जाते. तेच गाणे एच.२६४ मध्ये दोनशे मेगाबाइटांच्या आत बसू शकते. प्रक्रियक मोकळा होतो, पण साठवण खाल्ली जाते. त्यामुळे या कामासाठी फिरत्या तबकडीच्या डिस्कपेक्षा एसएसडी आवश्यक ठरते.

ओझे वाढले, की सुरचित आज्ञावली आवाजाला प्राधान्य देऊन चित्राच्या चौकटी गाळते. हा क्रम योग्यच आहे. चौकट गळलेली डोळा पुष्कळदा माफ करतो. आवाजातील खंड कान माफ करीत नाही. चित्राच्या आणि पडद्याच्या वेगांचा मेळ नसला, तरीही हिसके दिसतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर २५ चौकटींची चित्रफीत त्यात समान विभागत नाही. काही चौकटी दोनदा, काही तीनदा दिसतात. पडदा ५० वर ठेवल्यास प्रत्येक चौकट बरोबर दोनदा येते. या हिशेबाला नवा संगणक लागत नाही.

मिरवणुकीतील वापर

छत्रपती संभाजीनगरात डॉ. आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिल रोजी, भडकल दरवाज्याजवळील पुतळ्यापाशी मोठा जनसमुदाय जमतो. मराठवाड्यात हे दिवस कडक उन्हाचे. लॅपटॉपचा प्रक्रियक ठरावीक तापमानापलीकडे गेला, की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. घरात सुरळीत चालणारी चित्रफीत तापलेल्या वाहनावर थबकते, त्यामागे बहुधा हे कारण असते. जनरेटरची वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, तरीही अनेक संगणक ग्राफिक्सची शक्ती आपोआप घटवितात.

वाहनावरील पडदा फुल एचडी असतोच असे नाही, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. ३.९१ मिलिमीटर अंतराचे बिंदू असलेल्या अर्धा मीटर चौकोनी पट्ट्यात आडवे-उभे १२८ बिंदू मावतात. अशा पट्ट्यांचा चार मीटर रुंद, तीन मीटर उंच पडदा १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचा होतो. फुल एचडीच्या तुलनेत हे बिंदू जेमतेम ३८ टक्के. फाईल आधीच या मापाची करून ठेवल्यास संगणकाचे निम्म्याहून अधिक ओझे उतरते आणि प्रेक्षकाला फरक कळत नाही.

कायदेशीर बाजू

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. चित्राचा प्रश्न निराळा आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभांत व लग्नाच्या वरातीत संगीत आणि ध्वनिमुद्रण वाजविण्यास सूट आहे. त्या कलमाच्या शब्दांत चलच्चित्रपटाचा उल्लेख मात्र नाही.