न उच्चारलेले वचन

आर्थिक वर्ष सरते आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून वेतनवाढीची पत्रे निघतात. पत्र वाचून कुणाचा चेहरा उजळतो, कुणाचा उतरतो. उतरण्याचे कारण पुष्कळदा कागदावरचा आकडा नसतो. मनात धरलेला आकडा आणि कागदावरचा आकडा यांतील अंतर हे असते. हे अंतर पडते कसे, याचा विचार व्यवस्थापकांनी करावयास हवा.

मुंबईच्या गिरणीधंद्यात याचा एक बोलका दाखला आहे. पहिल्या महायुद्धानंतर धंद्याला बरकत आली आणि १९१९ ते १९२२ या चार वर्षांसाठी मालकांनी दरसाल एका महिन्याच्या पगाराइतका बोनस दिला. १९२३ सालासाठी मात्र तो नाकारला. मालकांच्या लेखी ती खुशीची बक्षिसी होती. कामगारांच्या लेखी तो वर्षाचा तेरावा पगार झाला होता. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखांवर कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला, की रूढी, कायदा वा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे हा हक्क शाबीत होत नाही. सुमारे दोन महिन्यांनी संप मिटला. प्रश्न मात्र मिटला नाही. १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि पुढे त्याचे किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, असे ठरले. नाकारलेला एका महिन्याचा पगार अखेर कायद्याच्या वाटेने परत आला!

चार वेळा दिलेले देणे हे न उच्चारलेले वचनच होय. आजचा व्यवस्थापकही वर्षभर ‘तुमच्या कामाचे चीज होईल’ म्हणतो आणि पत्र देताना ‘यंदा परिस्थिती बिकट आहे’ म्हणून मोकळा होतो. त्या शब्दावर इकडे घराच्या कर्जाचा वा मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडलेला असतो.

नोकरदारानेही केवळ आशेवर खर्च वाढवू नये आणि वाढीचा निकष काय, हे वेळीच विचारावे, हे खरे. तथापि जमाखर्चाची वही ज्याच्या हाती, त्याची जबाबदारी अधिक. वाढ कशावर ठरते, हे त्याने वर्षारंभीच सांगावे. देणे एकाच वर्षापुरते असेल तर तसेही सांगावे आणि हात आखडावा लागणार असेल तर पत्रापूर्वी, आकड्यांनिशी सांगावे. तुटपुंजी वाढ माणूस सोसतो. आपल्याला अंधारात ठेवले गेले, हे तो विसरत नाही.