थंडीत इलेक्ट्रिक कारची रेंज का घटते? नागपूरला निघण्याआधी हे वाचा

लाखनी : मागच्या जानेवारीत शेजारच्या गुरुजींच्या गाडीतून त्यांच्या वडिलांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. गाडी इलेक्ट्रिक, बॅटरी 30 युनिटची. पावसाळ्यात हाच जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरचा फेरा केला की घरी पंचवीस टक्के उरायचे. त्या रात्री मात्र भंडाऱ्यातच आकडा 11 वर आला. लाखनीपर्यंत जायची हिंमत होईना. आजारी माणसाला घेऊन चार्जरपाशी पाऊण तास थांबावं लागलं. बॅटरी गेली, असं गुरुजींना वाटलं. बॅटरी ठणठणीत होती.

थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं घट्ट होतं? बॅटरीतलं द्रव गोठत नाही, पण त्यातून लिथियमचे कण सावकाश सरकतात. म्हणून पहाटे गाडी थोडी सुस्त वाटते, चार्जिंगलाही वेळ लागतो. आपल्याकडे पारा दहाच्या आसपास उतरतो, लडाखसारखा शून्याच्या खाली जात नाही. त्यामुळे निव्वळ थंडीचा फटका तसा लहानच.

खरा खाणारा हीटर. पेट्रोल गाडीत इंजिनची गरमी फुकट मिळते, इथं ती बॅटरीतून काढावी लागते. कास्तकाराच्या हिशेबात सांगायचं तर तीन एचपीची मोटर तासभर चालली की सव्वादोन युनिट जातात, हीटरचं जोरात असताना तसंच. एक युनिट म्हणजे हायवेवर सात-आठ किलोमीटर. म्हणजे तासाला पंधरा किलोमीटर गेले! आम्ही जाता-येता हीटर लावूनच होतो, वर काच धुक्यानं धूसर झाली म्हणून एसीही.

उपाय साधा आहे. निघायच्या दहा मिनिटं आधी, प्लग लागलेला असतानाच गाडी गरम करून घ्या. ती वीज घरची जाते, बॅटरीची नाही. नंतर हीटर कमी, स्वेटर-शाल जास्त. रात्री गाडी आली की बॅटरी कोमट असते, तेव्हाच चार्जिंगला लावा. टायरची हवा थंडीत उतरते, ती पंधरा दिवसांनी थंड टायरवरच तपासा. हायवेवर शंभरऐवजी ऐंशी ठेवलं तर हीटर बंद करण्याइतकाच फायदा होतो, पण हे तरुण पोरांना कोण सांगणार!

पहाटे फुल चार्ज गाडी घेऊन निघालात की ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही. भरलेल्या आणि थंड बॅटरीत वीज परत घ्यायला जागाच नसते. बिघाड नाही, ब्रेकवर पाय ठेवा.

रोजच्या भंडारा-लाखनी फेऱ्याला ऐंशी टक्के पुरेत. एलएफपी जातीची बॅटरी असेल तर मधूनमधून शंभर करा, म्हणजे टक्क्यांचा आकडा खरा राहतो. ती कोणती आहे हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली नेऊन दिवसेंदिवस उभी ठेवू नका. बॅटरीचं आयुष्य मात्र जानेवारीपेक्षा मे महिना जास्त खातो. 45 डिग्रीत, उन्हात, फुल चार्ज करून गाडी ठेवू नका.

गावात आणखी एक अडचण येते. अर्थिंग बरोबर नसेल तर चार्जर वीज घेतच नाही, आणि लोक गाडीला दोष देतात. पंधरा अँपियरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग वायरमनकडून करून घ्या, साधा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. आणि तणसाच्या ढिगाजवळ चार्जिंग लावू नका.