भोपाळची थंडी आणि पहाटेची धाव

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट भाजीच्या हाटासाठी परिचित आहे. जवळच्या शाहपुरा तलावाच्या काठी सकाळी चालणाऱ्या-धावणाऱ्यांची वर्दळ असते. जानेवारीत येथील किमान तापमान सरासरी १० ते ११ अंश सेल्सिअस असते. थंडीच्या लाटेत ते ५ अंशांच्या जवळ उतरते. मिरामारच्या किनाऱ्यावर २० अंशांत धावण्याची सवय असलेला गोमंतकीय शिक्षण, नोकरी वा स्पर्धेनिमित्त तेथे गेला, तर पहिल्याच सकाळी घसा कोरडा पडतो आणि छातीत जळजळते. असे का होते?

श्वासनलिकेवरील ताण

एरवी नाक आत येणारी हवा उबदार व दमट करते. धावताना मात्र श्वास तोंडाने घेतला जातो आणि थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकेत पोहोचते. तिच्या अस्तरातील ओलावा कमी होतो, नलिका आकुंचन पावतात आणि खोकला किंवा घरघर सुरू होते. दम्याच्या रुग्णांना हा त्रास अधिक होतो. नाका-तोंडावर सैल मफलर घेतल्यास आत जाणारी हवा काहीशी ऊबदार होते.

हृदयाचे काम वाढते

ऊब टिकवण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. त्यात एकदम वेगाने धावल्यास हृदयावर दुहेरी भार पडतो. म्हणून पहिली १० ते १५ मिनिटे भरभर चालून अंग तापवावे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, जबडा वा हातात कळ किंवा भोवळ जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत मागावी.

पहाटेची हवा शुद्धच असते?

हा समज हिवाळ्यात अनेकदा खोटा ठरतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड होते व वर उबदार थर राहतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा वेळी वाहनांचा व शेकोट्यांचा धूर खालीच कोंडतो. २ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये गळती झालेला विषारी वायू वस्त्यांवर रेंगाळला, त्यामागे त्याच्या जडपणाबरोबरच थंड, स्थिर हवाही होती. जे धावत सुटले, त्यांच्या फुप्फुसांत तो अधिक गेला. आजच्या धुराची त्याच्याशी तुलना नाही. परंतु जोराने श्वास घेणाऱ्याच्या शरीरात दूषित हवा अधिक जाते, हे तत्त्व तेच आहे. त्यामुळे धुके असताना अंधारात धावण्यापेक्षा ऊन पडल्यावर निघणे हिताचे.

कपडे आणि पाणी

एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर उपयुक्त. सुती बनियन घाम धरून ठेवते व धाव संपताच अंग गार पडते; म्हणून आतला कपडा घाम लवकर सुकवणारा असावा. कान व हात झाकावेत. निघताना किंचित थंडी वाजली, तर कपडे योग्य आहेत असे समजावे. थंडीत तहान कमी लागते, पण घाम जातच असतो. त्यामुळे पाणी आठवणीने प्यावे. परतल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत.

थंडी ही धावपटूची शत्रू नव्हे. लांब पल्ल्याच्या धावपटूंची उत्तम कामगिरी बहुधा १० अंशांच्या आसपासच दिसते. शरीराला सरावासाठी आठवडाभराची सवड दिली, तर तीच थंडी त्याला साथ देते.