पोलादाच्या नगरीतील आज्या

‘शेफील्ड’ ही अक्षरे कोरलेले चाकू, कात्र्या आणि वस्तरे एके काळी आपल्या देशातील अनेक घरांत जपून ठेवलेले असत. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, डॉन आणि शीफ या नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर कित्येक शतके पात्यांना धार लावीत आले आहे. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले ते येथेच. आज आपल्या स्वयंपाकघरातील ज्या भांड्यांना आपण ‘स्टील’ म्हणतो, त्या धातूच्या इतिहासातील हे एक महत्त्वाचे पर्व होय. पोलादाची भट्टी आणि तिच्यापुढे उभा असलेला धट्टाकट्टा पुरुष, असेच या नगरीचे चित्र जगापुढे राहिले. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत त्या भट्ट्यांपुढे सहस्रावधी तरुण मुली उभ्या होत्या. त्या पुढे आया झाल्या, आज्या झाल्या. आणि आपण काय केले हे त्यांच्या नातवंडांनाही बहुधा ठाऊक नव्हते. त्या पिढीचे बालपण आणि तिच्या श्रमाचे पहिले दिवस यांची ही हकीकत आहे.

धुराखालचे बालपण

१९२४-२५ च्या सुमारास शेफील्डच्या पूर्व भागात जन्मलेली मुलगी आपण डोळ्यांपुढे आणू. डॉन नदीच्या खोऱ्यात कारखान्यांना लागूनच कामगारांच्या घरांच्या रांगा होत्या. कित्येक घरे पाठीला पाठ लावून बांधलेली. शौचकूप अंगणात, आणि तोही शेजाऱ्यांसह सामाईक. स्नानासाठी पत्र्याचे टब. आठवड्यातून एकदा तो चुलीपुढे मांडावयाचा आणि एकाच पाण्यात एकामागून एक मुलांनी नाहावयाचे. सोमवार हा धुण्याचा वार; पण दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळी केव्हा बसेल याचा नेम नसे.

या मुलींना समज येते न येते तोच जागतिक मंदी आली. भट्ट्या थंडावल्या; बाप कामावाचून घरी बसले. १९३१ पासून बेकारांना मिळणाऱ्या साहाय्यासाठी घरातील प्रत्येकाच्या मिळकतीची चौकशी होऊ लागली. थोरल्या मुलीस चार शिलिंग मिळू लागले की बापाचे साहाय्य तितके कापले जावयाचे, आणि चौकशीला येणारा अधिकारी घरातील सामानसुमानावरूनही नजर फिरवावयाचा. त्या अपमानाची आठवण पुष्कळ कुटुंबांत भुकेच्या आठवणीपेक्षा अधिक काळ टिकली. पावावर मांसाची थिजलेली चरबी फासून खाणे हे नित्याचे जेवण होते. तथापि वसंताच्या शेवटी व्हिट्सनच्या सणाला मुलांच्या अंगावर नवे कपडे चढलेच पाहिजेत, असा आयांचा कटाक्ष असे. नवे कपडे घालून मुले मिरवणुकीने उद्यानांत जात आणि सामुदायिक गायनात भाग घेत.

शाळा चौदाव्या वर्षी संपे. ही मर्यादा पंधरा वर्षांपर्यंत वाढविण्याचा कायदा १९३६ साली झाला होता आणि १ सप्टेंबर १९३९ पासून तो अमलात यावयाचा होता. नेमक्या त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि ती सुधारणा लांबणीवर पडली. ती प्रत्यक्षात यावयास १९४७ साल उजाडले. म्हणजे या पिढीतील काही हुशार मुलींच्या हातातील पुस्तक एका वर्षाने आधी सुटले ते युद्धामुळे. चौदाव्या वर्षी काम म्हणजे एखाद्या दुकानात, शिवणकामात, किंवा चमचे-काटे-सुऱ्यांना झिलई देण्याच्या कारखान्यात. झिलईचे काम करणाऱ्या मुली डोक्याला रुमाल बांधीत आणि अंगाभोवती तपकिरी कागद गुंडाळीत. तरीही काळी धूळ अंगावर बसल्यावाचून राहत नसे.

डिसेंबरातील दोन रात्री

युद्ध सुरू होताच शाळा बंद झाल्या. बॉम्बपासून संरक्षण देणारे निवारे बांधून होईपर्यंत शेफील्डमध्ये शिक्षक लोकांच्या घरी जाऊन बैठकीच्या खोलीत दहा-बारा मुलांना शिकवीत. मुलांना खेड्यांत पाठविण्याची सरकारी योजना होती. परंतु इतर शहरांच्या मानाने येथील फारच थोड्या आईबापांनी मुले दूर धाडली. ‘काय व्हावयाचे ते सर्वांचे एकत्र होवो’ अशी त्यांची भावना होती. परसात निम्मा जमिनीत पुरलेला नालीदार पत्र्याचा निवारा, त्यावर मातीचा थर, आणि आत सहा माणसे कशीबशी बसतील एवढी जागा, अशा ठिकाणी मुलांच्या अनेक रात्री गेल्या.

१२ डिसेंबर १९४० ची रात्र चांदण्याची होती. संध्याकाळी सातच्या सुमारास भोंगे वाजले, आणि पहाटेपर्यंत बॉम्ब पडत राहिले. मध्यवस्तीतील बाजारपेठ जळून गेली. रस्त्यांवर ट्रामगाड्यांचे सांगाडे उभे राहिले. मार्पल्स नावाच्या हॉटेलाच्या तळघरात आश्रयाला गेलेली सुमारे सत्तर माणसे एका बॉम्बने गाडली गेली. तीन दिवसांनी, १५ डिसेंबरला, दुसरा हल्ला झाला. या खेपेस पूर्वेकडील कारखान्यांच्या भागावर. दोन रात्रींत ६६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली.

शत्रूचा डोळा या शहरावर का होता, हे एका गोष्टीवरून कळेल. येथील व्हिकर्स कंपनीच्या कारखान्यात पंधरा टनी घण होता. स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनाचा मुख्य दांडा घडवू शकेल असा घण त्या वेळी साऱ्या देशात तो एकच होता, असे सांगतात.

भट्टीपुढे

पुरुष रणांगणावर गेले. तेव्हा भट्ट्या चालविणार कोण? १९४१ च्या वसंतात वीस-एकवीस वर्षांच्या तरुणींची नोंदणी सुरू झाली आणि डिसेंबरात पार्लमेंटने कायदा करून वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवा सक्तीची केली. सैन्याची साहाय्यक दले, नागरी संरक्षण किंवा उद्योगधंदे यांपैकी एक निवडावयाचे. दुकानात रिबिनी मोजणारी मुलगी महिन्याभरात रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळया चिमट्याने धरू लागली.

कामे अनेक प्रकारची होती. कोणी लेथवर तोफगोळे कातीत, कोणी छिद्रे पाडीत, कोणी सांधे जोडीत. काही मुलींच्या वाट्याला यारी आली. भट्टीच्या छतालगत, उभ्या लोखंडी शिडीने चढून जावयाचे आणि खाली माणसे वावरत असताना वितळलेल्या पोलादाचे पात्र डोक्यावरून तोलून न्यावयाचे. वर धूर आणि उष्णता, आणि पाळी संपेपर्यंत खाली उतरण्याची सोय नाही. हात किंचित चुकला तर कोणाचा तरी जीव जावयाचा, ही जाणीव अठरा-वीस वर्षांच्या मुलीने दररोज वाहिली. हल्ल्याची सूचना झाली तरी भट्टी सोडून पळता येत नसे. कारण मध्येच थांबले तर धातू थिजून भट्टीच निकामी होई. कित्येक कारखान्यांत स्त्रियांसाठी शौचगृहदेखील नव्हते. ते बांधावे हे मालकांस मुली आल्यावर सुचले.

आरंभी जुन्या कामगारांनी त्यांचे स्वागत केले नाही. ‘हे बायकांचे काम नव्हे’ असे ते म्हणत. पुढे त्यांनीच हातांची पकड कशी ठेवावी, ठिणगी कोणत्या बाजूने उडते, हे शिकविले. वेतनाचा प्रश्न मात्र सुटला नाही. पुरुषाचे काम देखरेखीवाचून करणाऱ्या स्त्रीला ठराविक काळानंतर पुरुषाचा पगार द्यावा, असा करार १९४० साली झाला होता. पण थोडीशी देखरेख ठेवली की करारातून सुटका होई, हे मालकांनी लवकरच ओळखले. समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९७० साली झाला आणि १९७५ च्या अखेरीस लागू झाला. तोवर या मुलींपैकी पुष्कळ जणी पन्नाशीला पोहोचल्या होत्या.

चुलीवरचे युद्ध

कामावरून घरी आल्यावर दुसरे युद्ध सुरू होई. ८ जानेवारी १९४० पासून अन्नावर नियंत्रण आले. प्रौढ माणसास आठवड्याला सुमारे दोन औंस लोणी, दोन औंस चहा, आठ औंस साखर आणि एक अंडे. १९४१ च्या जूनपासून कपड्यांसही कूपने लागू लागली. ‘रेशन’ हा शब्द आपल्या गृहिणींस समजावून सांगावयास नको. मुंबईत तो १९४३ साली आला, तो याच युद्धामुळे. एक फरक मात्र विसरता येत नाही. ब्रिटनमध्ये वाटप काटेकोर झाले, गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना दूध, संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेल मिळाले, आणि गरीब घरांतील मुलांची प्रकृती मंदीच्या काळापेक्षा सुधारली. त्याच साम्राज्यातील बंगालमध्ये १९४३ साली लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. अन्नाची टंचाई आणि उपासमार या एकच गोष्टी नव्हेत. मध्ये राज्यकर्त्यांचा निर्णय असतो, हा धडा त्या एका वर्षाने दिला.

मोठ्या कारखान्यांत उपाहारगृहे निघाली, आणि रेडिओवरील कामगारांसाठीची गाणी यंत्रांच्या गोंगाटातही मुली तोंडपाठ म्हणत. रात्रपाळी करून आलेल्या मुली शनिवारी नाचाला जात. हातांवरील भाजल्याचे डाग लपविण्यासाठी हातमोजे घालीत. मोज्यांना कूपने नसली तर पायांना रंग लावीत. तारुण्याने आपला वाटा सोडला नव्हता.

कृतज्ञतेस लागलेला विलंब

१९४५ साली युद्ध संपले. पुरुष परत आले आणि मुलींना घरी जाण्यास सांगण्यात आले. बहुतेकींना ना पदक मिळाले, ना आभाराचे पत्र. काहींना सुटकेचा आनंद झाला. काहींना आपण शिकलेला धंदा हातून गेल्याचे दुःख झाले. दोन्ही भावना खऱ्या होत्या. पुढे लग्ने झाली, मुले झाली, आणि ती वर्षे संदुकीच्या तळाशी गेली.

२००८ साली ब्रिटिश सरकारने युद्धकाळात शेतांवर राबलेल्या स्त्रियांचा सन्मानचिन्ह देऊन गौरव केला. पोलादाच्या कारखान्यांतील स्त्रियांची आठवण मात्र कोणास झाली नाही. तेव्हा कॅथलीन रॉबर्ट्स नावाच्या एका आजीबाईंनी स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत दूरध्वनी केला: आम्हांला कोणी कधी धन्यवाद दिले नाहीत. त्यांना किट सॉलिट, रूबी गॅस्कॉइन आणि डोरोथी स्लिंग्सबी येऊन मिळाल्या. ऐंशीच्या घरातील या चार स्त्रियांनी चळवळ उभारली. लोकवर्गणी जमली, शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांनी काम हाती घेतले, आणि १७ जून २०१६ रोजी शेफील्डच्या सिटी हॉलपुढील चौकात हातात हात गुंफलेल्या दोन कामगार स्त्रियांच्या ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पहिल्या महायुद्धात राबलेल्या स्त्रियांचाही त्यात सन्मान आहे. त्यांतील बहुतेक तो पाहावयास उरल्या नव्हत्या.

या चळवळीचे खरे फळ पुतळ्याहून मोठे आहे. वृत्तपत्रात बातमी येताच कित्येक घरांतून आठवणी बाहेर पडू लागल्या. ‘आमच्या आजीने यारी चालविली, हे आम्हांस आज कळले,’ असे सांगणारी नातवंडे पुढे आली. आपल्याकडेही गिरणीत, शेतात, विडीच्या कारखान्यांत किंवा रेल्वेच्या बांधकामावर ज्यांची उमेदीची वर्षे गेली, अशा आज्या घरोघरी आहेत. त्यांचे पुतळे उभारणे आपल्या हाती नसेल. परंतु एका वहीत त्यांच्या जन्मगावाचे नाव, पहिल्या कामाचे ठिकाण, पहिला पगार आणि त्या पगाराचे काय केले, एवढे लिहून ठेवणे कोणत्याही शाळकरी नातवास शक्य आहे. प्रश्न विचारावयाचा तो मात्र आजी सांगावयास आहे तोवर.