स्टॉप मोशन ॲनिमेशन : विद्यार्थी प्रकल्पाचे नियोजन

एखादी वस्तू, बाहुली किंवा मातीची आकृती थोडीथोडी हलवून प्रत्येक स्थितीचे एकेक स्थिर छायाचित्र घ्यावयाचे आणि ती छायाचित्रे क्रमाने व वेगाने दाखवून वस्तू स्वतःच हलत असल्याचा भास निर्माण करावयाचा, या तंत्रास ‘स्टॉप मोशन ॲनिमेशन’ म्हणतात. नेहमीच्या चित्रपटात हालचाल आधी घडते व कॅमेरा ती टिपतो. येथे मात्र दोन छायाचित्रांमधील, प्रेक्षकाला कधीच न दिसणाऱ्या अवधीत ती हाताने घडविली जाते. कॅमेरा अथवा मोबाइल फोन, ट्रायपॉड, दोन दिवे आणि एक भक्कम टेबल एवढ्या सामग्रीवर काम भागत असल्याने शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पांस हे तंत्र सोयीचे आहे. तथापि मधलेच छायाचित्र बिघडले, तर हललेली आकृती पुन्हा नेमक्या पूर्वीच्या स्थितीत ठेवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून या प्रकारात नियोजन हे निर्मितीचेच एक प्रमुख अंग ठरते.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेत जे. स्ट्यूअर्ट ब्लॅक्टन यांनी द हाँटेड हॉटेल (१९०७) या लघुपटात वस्तू आपोआप हलताना दाखविल्या. भारतात या प्रकारच्या चित्रणाचा प्रारंभ धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी केला. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची चित्रे महिन्याहून अधिक काळ अंतराअंतराने घेतली व अंकुराची वाढ हा सुमारे एक मिनिटाचा लघुपट तयार केला. तो पाहूनच राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटासाठी त्यांना भांडवल मिळाले [⟶ फाळके, धुंडिराज गोविंद]. रोपट्याची हालचाल निसर्गाने घडविलेली असल्याने हे चित्रण काटेकोर अर्थाने स्टॉप मोशन नव्हे. पण एकेक चौकट स्वतंत्रपणे घेण्याचे तत्त्व तेच होय. पुढे आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतील काड्यांना हालचाल दिली.

चौकटींचा हिशेब : मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारणपणे १६ चौकटी दाखवीत. त्या मानाने एका मिनिटास ९६० चौकटी लागतात. रोपट्याची दिवसाला एकच चौकट घेतली, तर महिन्याच्या श्रमांतून जेमतेम दोन सेकंदांचे चित्र हाती येईल. महिन्याभरात मिनिटभराचे चित्र हवे असेल, तर दिवसाला सरासरी ३२ चौकटी घ्याव्या लागतील. असा हिशेब न करणे हे विद्यार्थी प्रकल्प अर्धवट राहण्याचे एक मोठे कारण असते.

आज चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी आहे. प्रत्येक छायाचित्र दोन चौकटी टिकवून धरल्यास सेकंदाला १२ छायाचित्रे पुरतात आणि विद्यार्थ्यांसाठी हेच प्रमाण योग्य होय. त्यानुसार एका मिनिटास ७२० छायाचित्रे लागतात. आरंभीच्या प्रकल्पाची लांबी एका मिनिटाहून अधिक ठेवू नये. ब्रिटिश दिग्दर्शक निक पार्क यांनी १९८२ मध्ये विद्यार्थिदशेत सुरू केलेला ए ग्रँड डे आउट हा सुमारे २३ मिनिटांचा पट १९८९ मध्ये पूर्ण झाला, हे उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

नियोजनाचे टप्पे : प्रथम कथाकल्पना एका वाक्यात लिहावी. तेवढ्यात ती मावत नसेल, तर ती एका मिनिटातही मावणार नाही. त्यानंतर प्रत्येक दृश्याचे साधे रेखाचित्र काढून त्याखाली त्याचा काळ सेकंदांत लिहावा. ही रेखाचित्रे त्या त्या काळापुरती पडद्यावर दाखवून पाहिली, की कोणते दृश्य रेंगाळते व कोणते उरकल्यासारखे वाटते हे चित्रणापूर्वीच कळते. संवाद असल्यास ते आधी ध्वनिमुद्रित करावेत. कारण एखादा शब्द किती काळ चालतो, यावर तोंडाच्या हालचालीची छायाचित्रे ठरतात. शेवटी चौकटपत्रक तयार करावे. त्यात प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक व त्या क्षणी कोणती वस्तू किती हलवावयाची याची नोंद असते.

नवी मुंबईतील नेरूळ विभागात ठाणे खाडीकाठी सारसोळे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे. तेथील विद्यार्थ्यांनी भरतीबरोबर तरंगू लागणाऱ्या होडीवर एका मिनिटाचा पट करावयाचे ठरविले, असे समजू. ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. दर तीन मिनिटांनी एक याप्रमाणे खाडीची १२० छायाचित्रे मिळतील व त्यांचे दहा सेकंदांचे चित्र होईल. दिवस निवडण्यासाठी कोकणातील कोळ्यांचा जुना आडाखा उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीस ती दुपारी तीनच्या सुमारास येते; म्हणजे सकाळी नऊच्या ओहोटीपासून सलग उजेडात काम करता येते. खाडीच्या आतल्या भागात भरती थोडी उशिरा पोहोचते, हे ध्यानात ठेवून छापील वेळापत्रकाशी ताळा करावा. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे आज राहिलेला भाग उद्या त्याच वेळी घेतल्यास पाण्याची पातळी वेगळी येते. तोच उजेड व तेच पाणी यांचा मेळ पुन्हा सुमारे पंधरवड्याने बसतो. उरलेल्या पन्नास सेकंदांची ६०० छायाचित्रे टेबलावरील प्रतिकृतीवरून घ्यावीत. प्रत्येकास दोन मिनिटे धरली, तर २० तास, म्हणजे रोज चार तासांप्रमाणे पाच दिवस होतात. त्यात चाचणीचा एक व राखीव असे दोन दिवस मिळवावेत.

छायाचित्रण : कॅमेऱ्यातील सर्व स्वयंचलित योजना बंद कराव्यात. भिंगाचे छिद्र, प्रकाश आत घेण्याचा काळ, रंगसंतुलन व केंद्रीकरण ही एकदा हाताने ठरवून दृश्य संपेपर्यंत बदलू नयेत; अन्यथा प्रत्येक छायाचित्राची उजळता वेगळी येऊन पडद्यावर चित्र लुकलुकते. लहान प्रतिकृतीच्या अगदी जवळून छायाचित्र घेताना फारच थोडा भाग सुस्पष्ट येतो; त्यासाठी छिद्र लहान ठेवून प्रकाश आत घेण्याचा काळ वाढवावा. कॅमेऱ्यास हात लावावा लागू नये म्हणून बटण दुरून दाबण्याची सोय असावी. ट्रायपॉडचे पाय व टेबल जमिनीला चिकटपट्टीने पक्के करावे. खिडक्या जाड पडद्यांनी झाकाव्यात आणि काम करणाऱ्यांनी गडद कपडे घालावेत, कारण पांढऱ्या सदऱ्यावरून परावर्तित होणारा उजेडही चित्रात उतरतो. साध्या स्थिरचित्र कॅमेऱ्याची या कामातील क्षमता कॉर्प्स ब्राइड (२००५) या पूर्ण लांबीच्या चित्रपटाने सिद्ध केली. त्याचे चित्रण अंकीय स्थिरचित्र कॅमेऱ्यांनी झाले होते.

हालचाल : सारख्या अंतराने सरकणारी वस्तू यंत्रासारखी भासते. होडीस दोन सेकंदांत २४ सेंमी. न्यावयाचे असल्यास २४ छायाचित्रांत दर वेळी एक सेंमी. न सरकविता आरंभी दोन-तीन मिमी., मध्ये दीड सेंमी.पर्यंत व शेवटी पुन्हा थोडेथोडे सरकवावे. मग तिला वजन असल्याचा प्रत्यय येतो. मातीच्या आकृतीत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा घालावा. तेलमिश्रित माती दिव्याच्या उष्णतेने मऊ पडते. म्हणून दिवे दूर ठेवावेत व आकृतीची एक जादा प्रत जवळ असावी.

कामाची विभागणी : चार जणांचा गट सोयीचा असतो. एकाने वस्तू हलवाव्यात, दुसऱ्याने कॅमेरा व तिसऱ्याने प्रकाश सांभाळावा, चौथ्याने चौकटपत्रकावर खुणा कराव्यात. वस्तू हलविणारी व्यक्ती दृश्याच्या मध्यावर बदलू नये, कारण प्रत्येकाच्या हाताची लकब निराळी असते. छायाचित्रांची दुसरी प्रत त्याच दिवशी करून ठेवावी.

ॲनिमेशनचे उच्च शिक्षण अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत (स्थापना १९६१) व मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात (स्थापना १९६९, सध्याचे नाव आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) मिळते. तथापि शालेय प्रकल्पाचे मोल त्या व्यवसायाच्या पूर्वतयारीपुरते नाही. बारा छायाचित्रांतून एक सेकंद साकारणारा विद्यार्थी काळ, अंतर व वेग यांचा परस्परसंबंध स्वतःच्या हाताने पडताळून पाहतो आणि सामूहिक काम ठरल्या दिवशी पूर्ण करण्यास शिकतो. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या दीर्घ पटापेक्षा पुरा झालेला अर्ध्या मिनिटाचा पट शैक्षणिक दृष्ट्या अधिक फलदायी होय.