ससा जेवला का?

सशाची तब्येत त्याच्या लेंड्यांवरून कळते. गोल, कोरड्या, एकसारख्या आणि भरपूर असल्या की पोट चालू आहे. त्या बारीक झाल्या, केसांत ओवल्यासारख्या एकीला एक लागून आल्या किंवा ट्रे रिकामाच दिसला, की मी डॉक्टरांना फोन लावते. ससा दुखलं म्हणून सहसा ओरडत नाही. ज्याची सगळेच शिकार करतात त्या प्राण्याला आजारपण लपवावंच लागतं. पोट आखडून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेल्या सशाकडे पाहून घरची माणसं म्हणतात, "किती शहाणा, गप्प बसलाय." जवळ कान नेला तर दातांची करकर ऐकू येते. ती वेदनेची असते.

बारा तास खाणं बंद राहिलं तर ससा दगावू शकतो. त्याला उलटी होत नाही. आतडं मंदावलं की आतल्या जंतूंचा तोल बिघडतो, वायू धरतो, दुखण्याने भूक आणखी मरते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीही सशाला कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवत नाहीत. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत कायमचं घर मिळेपर्यंत फोस्टरला आलेल्या प्रत्येक सशाबद्दल आम्ही एकमेकींना पहिला प्रश्न हाच विचारतो: जेवला का?

हे ससे येतात ते बहुतेक बाजारातून घरात आणि घरातून रस्त्यावर असा प्रवास करून. 2018 साली केंद्र सरकारने प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी नियम केले, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. तरी क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा गल्लीतल्या दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू येतं, मुलाच्या वाढदिवसाला, आणि सोबत सल्ला एवढाच: गाजर घाला. गाजरात साखर फार. कधीतरी एखादी चकती ठीक. त्याचं खरं अन्न गवत. दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चघळूनच.

चार-पाच महिन्यांत तो वयात येतो. भिंतीवर मुततो, चार्जरच्या वायरी तोडतो. 'दोन्ही माद्या' म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघतो. गाभणपण महिन्याभराचं, आणि व्याली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. गॅलरी भरायला वेळ लागत नाही. मग कुणीतरी "निसर्गात मोकळा राहील" म्हणत पिशवी आरे कॉलनीत नेऊन रिकामी करतं. मला याचा मनस्वी राग येतो. आपल्या माळावरचा ससा वेगळा, हा वेगळा. पाळीव ससा मूळ युरोपातल्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या जातीचा. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पांढराशुभ्र जीव आरेतल्या कुत्र्यांपासून, मुंगसापासून, बिबट्यापासून कुठे लपणार?

चिकू अंधेरीहून आला तेव्हा सात वर्षांचा होता. मान एका बाजूला पूर्ण कललेली, उठायला गेला की लोळण घ्यायचा. कानाच्या आतल्या संसर्गाने असं होतं, किंवा मेंदू आणि मूत्रपिंडात शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे. त्यावर फेनबेंडाझोल साधारण चार आठवडे द्यावं लागतं. गुण आला तरी मान पुष्कळदा थोडी वाकडीच राहते. घरच्यांना वाटलं, हा आता जगत नाही. पण वाकड्या मानेचा ससा छान जगतो, त्याला फक्त टेकू लागतो. टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या दोन्ही बाजूंना लावल्या की लोळणं थांबतं. पाण्याची बाटली काढून जड वाडगा ठेवला की तोंड पोहोचतं.

म्हाताऱ्या सशाचं खरं काम मागच्या बाजूला असतं. निरोगी ससा दिवसातून काही वेळा मऊ, चकचकीत लेंड्यांचे घोस टाकतो आणि वळून ते थेट तोंडाने उचलून खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. कंबर धरलेल्या चिकूला वळता येईना. ते सगळं केसांना चिकटायचं, वर लघवीने कातडी जळायची. आंघोळ घालायची नाही, भीतीनेच ससा गारठतो. केस कातरायचे, कोमट ओल्या कापसाने तेवढाच भाग पुसायचा, कोरडा करायचा. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा, कारण ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या कातडीत शिरू शकतात. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय फाकायचे, टाचा सोलवटायच्या. आईच्या जुन्या गोधड्या इथे उपयोगी पडल्या.

परदेशातून येणारं टिमोथी गवत महाग पडतं आणि जुलैच्या दमटपणात त्याला बुरशी धरते. आम्ही हराळीवर, म्हणजे दूर्वांवर भर देतो. गणपतीच्या दूर्वा विकणारी बाई आम्हाला मुळांसकट मोठी जुडी देते. धुऊन, निथळून ती ससे तुटून पडून खातात. मे महिन्यात पारा तिशीच्या वर गेला की बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. 

ससे जाणणारे डॉक्टर उपनगरांत मोजकेच. बोरिवलीहून रात्री ससा आणायचा तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षात मांडीवर पेटी घट्ट धरून बसावं लागतं. पण जवळचा कुठलाही डॉक्टर चालत नाही: कुत्र्यांच्या पिसवांवरचे फिप्रोनिलचे थेंब सशाला मारू शकतात, तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिनही. मादीचं गर्भाशय वेळेवर काढलं नाही तर चार वर्षांनंतर त्यात कर्करोग होण्याची शक्यता फार मोठी. म्हणून नसबंदी झाल्याशिवाय आम्ही ससा देत नाही.

दत्तक घ्यायला पिल्लांसाठी लोक रांग लावतात. चिकूसाठी फोन आला तो घाटकोपरच्या एका निवृत्त जोडप्याचा. मी गॅलरीची जाळी पाहिली, वायरी पाहिल्या, दिवाळीत फटाक्यांपासून लांब अशी आतली खोली आहे का ते विचारलं. मग औषधांची यादी दाखवली. काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या आईला मी अंथरुणात भरवलंय. सिरिंज मला नवी नाही." तरी मी त्यांना बसून शिकवलं: पुढच्या दातांमागच्या फटीतून, बाजूने, एकेक मिलीलीटर, आणि त्याने गिळेपर्यंत थांबायचं. त्यांनी दोनदाच माझा हात पाहिला आणि मग सिरिंज स्वतःकडे घेतली.

कागदावर सही झाली: सांभाळणं जमलं नाही तर तिसऱ्या कुणाला द्यायचं नाही, ससा आमच्याकडेच परत येणार. काकांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आधीच पुसून ठेवला होता. दर रविवारी वजन करायचं आणि शंभर ग्रॅम जरी उतरलं, तरी सोमवारची वाट न पाहता फोन करायचा, असं ठरलं.